बाई, विष्णूला मेमो दिला

बाई, तुमच्या शोकसभेत मी नको ते बोललो. ‘देवमाणूस’ म्हणालो, ‘सेवेचा वसा’ म्हणालो, आणि कहर म्हणजे ‘आमच्या या लेकरांची माउली गेली’ असंही म्हणून गेलो. तुम्ही समोर असतात तर चष्मा कपाळावर चढवून तिथल्या तिथे विचारलं असतंत, “लेकरं? कुणाची? वय काय त्यांचं?” आणि माझं भाषण तिथेच आटोपलं असतं. फार बरं झालं असतं.

मी बोलत असतानाच तिसऱ्या रांगेतून विष्णू उठला. खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. पुढे बसलेल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. “बिचाऱ्याला सहन होईना,” असं कुणीतरी पुटपुटलं. तो का उठला हे त्या सभागृहात मला एकट्याला माहीत होतं, आणि तरी मी भाषण आवरलं नाही. ते कारण सांगणारच आहे. पण त्याआधी आपलं भांडण मिटवायचंय. ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

पाच वर्षं होत आली. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात माणसं घेणं, सांभाळणं आणि वेळ आली की काढणं हे माझं काम. तुमच्या शब्दांत, ‘कागद काळे करणारे साहेब’. गेटवरून फोन आला की एक वयस्कर बाई दोन तासांपासून बसल्या आहेत, उठत नाहीत. मतिमंद मुलांच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका एवढं कळल्यावर मला वाटलं, ओळखलं. मी आत बोलावून चहा सांगितला आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत म्हणालो, “दिवाळीला तुमच्याकडून आकाशकंदील घेऊ. शंभर नग चालतील?”

“आमच्याकडे कंदील नाहीत,” तुम्ही म्हणालात. “कामाची माणसं आहेत. एक घ्या.”

मग तुम्ही सांगत गेलात. अठराव्या वर्षी शाळा सुटते आणि तुमचे विद्यार्थी घरी जाऊन बसतात. विशीत बसतात, तिशीत बसतात, आईबाप थकले तरी बसूनच असतात. लग्नाला नेत नाहीत, बाजाराला धाडत नाहीत, कुणी पाहुणा आला तर आतल्या खोलीत. मी मान हलवत होतो. मान हलवणं ही आमच्या खात्यातली पहिली विद्या. शेवटी मी म्हणालो, “बाई, इथे मशिनं आहेत, टार्गेट असतं, हे काम त्यांना जमायचं नाही.” तुम्ही विचारलंत, “कुठलं काम? तुम्ही केलंय कधी?”

मी केलं नव्हतं. तुम्ही केलंत. आठ दिवस पॅकिंगला बसलात. अंबाड्यावर कामगारांची निळी टोपी काही केल्या बसेना, ती तुम्ही शेवटी आकड्यांनी ठोकून बसवलीत. तिथले सुपरवायझर जमीलभाई तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. “साब, ये मॅडम कू बोलो ना जरा, लाइनवाली औरतां घबरा रइं. पूछते बैठती, ये ऐसा कायकू, वो वैसा कायकू.” नवव्या दिवशी तुम्ही एक फळी घेऊन आलात. रबराच्या रिंगा पन्नास-पन्नास मोजून पिशवीत भरायच्या असतात. तुमच्या माणसाला सतरापर्यंत मोजता येई, पुढे गाडी घसरायची. म्हणून फळीवर पन्नास खिळे. एका खिळ्यावर एक रिंग. खिळे भरले की पिशवी भरायची, मोजायचं कामच नाही. दोन महिन्यांनी अख्ख्या लाइनला तशा फळ्या हव्या होत्या, कारण गप्पांच्या नादात मोजण्यात सगळ्यांचीच गाडी घसरायची. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती, याची मला आजही लाज वाटते.

तुमचा माणूस म्हणजे विष्णू. करमाडचा. तेव्हा तीस वर्षांचा. पहिल्या दिवशी त्याची आई, सुमनमावशी, शिदोरी घेऊन गेटबाहेर बसून राहिली होती. “लई भोळं हाय वो बाई माझं लेकरू. कुनी काय बोललं तर?”

“बोललं तर तो बोलेल,” तुम्ही म्हणालात. “मावशी, तुम्ही घरी जा बरं. नवरा कामाला जायचा तेव्हा असं त्याच्या गेटवर बसला होतात का कधी?”

मावशी हसत हसत रिक्षात बसल्या. मी मात्र आतून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काय कठोर बाई आहे.

इथूनच आपलं वाकडं आलं. विष्णू कामाला चोख. पण जेवणाची सुट्टी संपली की तो मालाच्या धक्क्याकडे जाऊन उभा राही. ट्रक मागे घेताना बघायला त्याला फार आवडे. ड्रायव्हर आरशात बघतो, क्लीनर “आन दे, आन दे” करतो, आणि ट्रक बरोबर धक्क्याला टेकतो. कधी वीस मिनिटं, कधी चाळीस. लाइनवरच्या बायका हसून त्याच्या फळीवरचं काम उरकून टाकायच्या. जमीलभाई काही म्हणत नसत, कारण मीच सांगून ठेवलं होतं, त्याला कुणी काही बोलू नका. या माझ्या हुकमाचा मला केवढा अभिमान होता! घरी जेवताना बायकोला सांगायचो.

एकदा तुम्ही न सांगता आलात आणि अडीच वाजता तुम्हाला तो धक्क्यावर सापडला. तरातरा माझ्या केबिनमध्ये शिरलात.

“त्याला मेमो द्या.”

“अहो बाई, विष्णूला? मेमो म्हणजे काय हे तरी कळेल का त्याला?”

“दिला नाहीत तर कसं कळेल? दुसरा कुणी रोज असा जाऊन उभा राहिला असता, तर दिला असतात ना?”

“दुसऱ्याची गोष्ट वेगळी.”

“तेच म्हणतेय मी. तुम्ही त्याला वेगळं ठेवलंय. टोपी दिलीत, कार्ड दिलंत, पण कामावर घेतलं नाहीत. ज्याच्या चुकीची नोंद होत नाही, त्याच्या कामाचीही होत नाही.”

मी चिडलो. म्हणालो, “बाई, तुमचं काळीज दगडाचं आहे.” तुम्ही चहा तसाच ठेवून उठलात. दोन महिने फोन नाही, काही नाही. मग एके दिवशी दौलताबादच्या रस्त्यावरून घेतलेली सीताफळं टोपलीभर पाठवलीत आणि वर चिठ्ठी, ‘बिया मोजून टाका, फळी लागली तर कळवा.’ मी हसलो, फोन केला, बोलणं सुरू झालं. मेमोचा विषय मात्र मी पुन्हा निघू दिला नाही. तुम्ही काढलात की मी टोलवत राहिलो.

खरं सांगू का, माझ्या हट्टाचं मूळ आमच्या गावी, देवगाव रंगारीला आहे. आमच्या शेतातल्या घरी एक मुका माणूस होता. आजोबांच्या काळापासून होता. गुरांचं सगळं बघायचा. त्याला आम्ही कधी उपाशी ठेवलं नाही, कधी कुणी त्याच्यावर हात उगारला नाही, सणाला नवे कपडे. मोठ्या फुशारकीने मी हे तुम्हाला सांगितलं होतं, आठवतं? माणसं सांभाळणं आमच्या रक्तात आहे, असं काहीतरी. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, “नाव काय त्यांचं?”

मला नाव माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्याला मुकाच म्हणायचो. तो मेला त्या दिवशी मी ढसाढसा रडलो होतो, पण कुणासाठी रडतोय ते नावानिशी सांगता आलं नसतं. तुमच्यासमोर मी विषय बदलला. त्या संध्याकाळी मोठ्या भावाला फोन केला, त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे वर्षभराने चुलतीने सांगितलं. नामदेव. बाई, त्यांचं नाव नामदेव होतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. दर वेळी वाटायचं, सांगितलं की तुम्ही जिंकाल.

आता मुख्य गुन्ह्याकडे येतो.

गेल्या महिन्यात तुमचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. म्हणालात, “चार वर्षं झाली विष्णूला. त्याच्या फाईलमध्ये काय काय आहे हो?” मी म्हणालो, “सगळं व्यवस्थित आहे बाई, तुम्ही तब्येतीकडे बघा.” फाईलमध्ये एक अर्ज होता, दोन फोटो आणि दाखल्याची झेरॉक्स. चार वर्षांत एक ओळ नाही. तुम्ही आजारी म्हणून मी खरं बोललो नाही. म्हणजे विष्णूवर जी दया करत होतो, तीच शेवटी तुमच्यावरही केली. याची माफी मागायला तुम्ही वेळ ठेवला नाहीत.

कारण त्याच आठवड्यात नव्या प्लांट हेडनी फायली मागवल्या. जे कायम नाहीत, त्यांना एकतर कायम करायचं नाहीतर थांबवायचं. विष्णूला मी दर वर्षी माझ्या सहीने पुढे ढकलत आणला होता. त्यांनी फाईल उलटसुलट केली. “याच्याबद्दल चांगलं नाही, वाईट नाही. हा इथे काम करतो, की आपण याला बसवून ठेवलंय?” मी म्हणालो, सर, चांगला आहे. “कुठे लिहिलंय?” तुम्ही तीन वर्षांपूर्वी जे बजावलं होतं, ते असं टेबलावर कोरं पडलं होतं. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. विष्णूची नोकरी जाणार होती, आणि ती कुणाच्या दुष्टपणामुळे नाही, माझ्या चांगुलपणामुळे. तुम्हाला फोन करून कबूल करायचं ठरवलं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता सोमवारी सकाळी तुमच्याच घरून फोन आला.

गाडी काढायला सांगितली. ड्रायव्हर आणि मी. पॅकिंगच्या खिडकीवरून जाताना विष्णू दिसला, खिळ्यांवर रिंगा चढवत होता. क्षणभर थांबलो. मग वाटलं, आत्ता नको, त्याला झेपणार नाही, संध्याकाळी सांगू. आणि गेलो.

स्मशानभूमीत तुमच्याजवळून मागे फिरलो, तर दारापाशी काढून ठेवलेल्या चपलांच्या बाजूला विष्णू उभा. निळी टोपी, एप्रन, सगळं तसंच. लाइनवरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर निरोप आला होता. तो उठला, गेटवर कुणी अडवलं नाही (विष्णूला कोण अडवणार!), जालना रोडला आला आणि शेअर रिक्षात बसला. सिडकोला उतरून लोकांना विचारत, आणखी एक रिक्षा करून इथवर पोचला. शहरात तो याआधी कधी एकटा आला नव्हता.

“तू इथं कसा रे?” मी विचारलं.

“रिक्षानं,” तो म्हणाला. आणि मग आत जाऊन तुमच्या पायांशी उभा राहिला. रडला नाही. टोपी काढली आणि हातात धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी जमीलभाई भल्या सकाळी केबिनमध्ये. “साब, जाने दो. बेचारा है.” चार वर्षं मी हेच म्हणत आलो होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते कसं लागतं ते कळलं. मी मेमो टाईप करायला घेतला. न विचारता काम सोडून गेल्याबद्दल, कारण दाखवा, दोन दिवसांत लेखी खुलासा. असे शेकड्याने मेमो मी आजवर काढले असतील. हा मात्र तीनदा टाईप केला.

विष्णूने कागद दोन्ही हातांनी घेतला. मी वाचून दाखवला. चेहरा उतरला त्याचा.

“मला काढलं?”

“नाही. तू का गेलास ते लिहून द्यायचं. न सांगता जातो त्या सगळ्यांना मिळतो हा.”

“समद्यांला? जमीलभाईला भेटला व्हता?”

“दो बार,” जमीलभाई म्हणाले. “एक बार तो साले की शादी में गया था.”

विष्णूने मान डोलावली. कागदाची घडी केली, खिशात ठेवली, पुन्हा काढून बघितली. संध्याकाळी सुमनमावशींचा फोन आला, मी मनाची तयारी करूनच उचलला. मावशी रडत नव्हत्या. म्हणाल्या, “साहेब, शेजारच्या समद्यांला दाखवून आला. म्हनतो, कंपनीनं मला जाब इचारला.”

खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तुम्ही शिकवलेलं ते ओळीवर न बसणारं अक्षर. जेवणाच्या दोन सुट्ट्या त्यात गेल्या, त्या दोन्ही दिवशी तो ट्रककडे फिरकला नाही. जसं आहे तसं उतरवतो:

‘साहेब, मी न इचारता गेलो. चूक झाली. बाई वारल्या. मला कोनी सांगितलं नाय. तुम्ही गाडीत गेले. गाडीत जागा व्हती. मी रिक्षानं गेलो. परत कुठं जायाचं आसल तर इचारीन. तुम्ही पन सांगा. विष्णू.’

बाई, नोकरीच्या इतक्या वर्षांत मला कुणी असा मेमो दिला नव्हता. मी केबिनचं दार लावून घेतलं आणि रडलो. तुमच्यासाठी, त्याच्यासाठी, आणि नामदेवसाठीही, या वेळी नावानिशी.

प्लांट हेडनी तो कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “गाडीत जागा होती?”

“होती, सर. तिघांची.”

त्यांनी कागद फाईलला लावला. मग ठरलं ते असं: तीन महिन्यांची मुदत. दर आठवड्याला विष्णूच्या कामाची नोंद, किती पिशव्या, किती चुका, किती उशीर, सगळ्यांसारखी. त्यावरून कायम करायचं की नाही ते ठरेल. तुम्हाला आवडलं असतं. कायम केलं असं लगेच म्हटलं असतं, तर तुम्ही त्यातही दया शोधून काढली असतीत. पहिली नोंद मी स्वतः केली. ‘काम अचूक. वेळ पाळण्यात सुधारणा हवी.’ दुसरं वाक्य लिहिताना तुमची आठवण आली आणि ते खोडलं नाही.

आता शोकसभेचं. या वेळी मी विष्णूला आधी सांगितलं. त्याने रजेचा अर्ज भरला, अर्ध्या दिवसाचा, दोन वाजेपर्यंत. जाताना माझ्याच गाडीत बसला, पुढच्या सीटवर. अकराची सभा आपल्याकडे बारा वाजता सुरू होते, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. माझा नंबर एक वाजता लागला. मी दोन मिनिटं बोलायचं ठरवून उठलो आणि माउलीवर पोचलो. विष्णूने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी बोलतच राहिलो. तो उठला, खुर्ची सरकवली आणि दोनच्या आत कामावर पोचायचं म्हणून रिक्षा पकडायला निघाला. पदर डोळ्याला लावणाऱ्या बाईंना मी हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

परतताना माझ्या गाडीतली ती सीट रिकामी होती. कारखान्यात पोचलो तेव्हा दोन चाळीस झाले होते. वॉचमनने सलाम करून गेट उघडलं. साहेब लोकांना उशिराच्या रजिस्टरवर सही करायला कुणी लावत नाही. मी थेट पॅकिंगला गेलो. विष्णूची फळी निम्म्याहून जास्त भरली होती. कार्डाचं पंचिंग दोन वाजायच्या आतलं.

त्याने वर बघितलं. “साहेब, लेट.”

“अरे,” जमीलभाई दबक्या आवाजात म्हणाले, “साब कू ऐसा नई बोलते.”

“का? लेट हाय,” विष्णू म्हणाला आणि पुढची रिंग खिळ्यावर चढवली.

मी गेटवर परत गेलो आणि रजिस्टर मागितलं. वॉचमन गडबडला. “साहेब, तुमाला कशापायी?” मी नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली. कारणाचा रकाना उरला. मग लिहिलं, ‘बाईंबद्दल गरजेपेक्षा जास्त बोललो.’